वजीर जास्त असूनही डाव बरोबरीत: कॉम्प्युटरविरुद्धचा माझा डाव तपासून द्याल का?

नवीखेळी

नमस्कार मंडळी. बुद्धिबळ शिकायला लागून मला चार महिने झाले. मोहरे कसे चालतात, किल्लेकोट कधी करता येतो, एवढं येतं. रोज रात्री कॉम्प्युटरशी एक डाव खेळते, सगळ्यात खालच्या पातळीच्या जरा वर. काल पहिल्यांदाच असं झालं की त्याच्याकडे नुसता राजा उरला आणि माझ्याकडे राजा, वजीर आणि एच ओळीतलं एक प्यादं. आणि ५२ व्या चालीला डाव बरोबरीत सुटला. त्याच्या राजाला हलायला एकही घर नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं मीच जिंकले. मग पडद्यावर 'स्टेलमेट' असं आलं, म्हणजे राजाला शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी. रात्री झोप लागली नाही.

डाव खाली देते. पांढरी मोहरी माझी. घरांची नावं नेहमीप्रमाणे, डावीकडून ए ते एच आणि माझ्या बाजूने १ ते ८. × म्हणजे मारलं.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ घोडा सी६ ५. एच३ उंट एच५ ६. डी३ घोडा एफ६ ७. उंट जी५ उंट ई७ ८. किल्लेकोट किल्लेकोट ९. घोडा डी५ घोडा×डी५ १०. उंट×ई७ वजीर×ई७ ११. उंट×डी५ घोडा डी४ १२. जी४ उंट जी६ १३. घोडा×डी४ ई×डी४ १४. उंट×बी७ ए-हत्ती बी८ १५. उंट डी५ हत्ती×बी२ १६. उंट बी३ वजीर ई५ १७. वजीर सी१ हत्ती×बी३ १८. ए×बी३

पुढच्या चाली लिहून जागा अडवत नाही. माझ्याकडे हत्ती आणि त्याच्याकडे उंट असा फरक राहिला, वजिरावजिरी झाली, नंतर त्याने उंट फुकट सोडला आणि माझ्या बी प्याद्याचा वजीर झाला. शेवटची स्थिती अशी होती: माझा राजा ई४, वजीर डी६, प्यादं एच५. त्याचा राजा बी७ वरून ए८ ला गेला. मी ५२. वजीर सी७ खेळले आणि संपलं.

मला शेवटची चूक कळली. पण त्याआधीही बरंच काही चुकलं असणार. कुठे, ते सांगाल का?

काळापांढरा

डाव इंजिनाला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, चुकांवर लाल खुणा दिसतील. पाच मिनिटांचं काम आहे.

नवीखेळी

दिला होता. ९ व्या चालीवर लाल खूण, १० व्या चालीवर दोन्हीकडे लाल, ५२ व्यावर लाल. खुणा दिसल्या, कारण कळलं नाही. इंजिन दुसरी चाल सुचवतं, पण ती का बरी हे मला वाचता येत नाही.

अडीचघर

नवीखेळी, अख्खा डाव दिलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण शेवटची स्थिती तेवढी टाकतात. पट मांडून दोनदा खेळून बघितला. आधी जे तुम्हाला कुठेच लाल दिसलं नाही त्यावर लिहितो, कारण डावातला सगळ्यात सुंदर क्षण तिथे होता.

५. एच३ खेळून तुम्ही त्याच्या उंटाला हटकलं, तो एच५ ला गेला. तुम्ही ६. डी३ खेळलात. ही चूक नाही, साधी, समजूतदार चाल आहे. पण तिथे ६. घोडा×ई५ होतं.

हो, घोडा वजिरासमोरून हलतो आणि वजीर उघडा पडतो. घेऊ दे त्याला (आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे त्याची, काळ्याची चाल). ६... उंट×डी१ ७. उंट×एफ७ शह. राजाला ई७ हे एकच घर. ८. घोडा डी५ मात. पटावर मांडून बघा: एफ७ चा उंट ई८ आणि ई६ धरतो, ई५ चा घोडा डी७ धरतो आणि एफ७ च्या उंटाला जोर देतो, डी५ चा घोडा शह देतो आणि एफ६ बंद करतो. उरलेल्या घरांत त्याचेच मोहरे बसलेत. तीन हलके मोहरे (घोडे आणि उंट), पटावर तुमचा वजीर नाही, आणि मात. हिला लेगालची मात म्हणतात. लेगाल हे १८ व्या शतकातले पॅरिसचे खेळाडू, त्या काळच्या नामांकित फिलिडोरचे गुरू.

काळापांढरा

थांबा. त्याचा घोडा सी६ वर आहे. वजीर कशाला घेईल तो? ६... घोडा×ई५ करेल आणि एक घोडा खिशात. लेगालची मात सी६ वर घोडा असताना चालत नाही हे मी कुठेतरी वाचलंय.

अडीचघर

हा प्रश्न यायला हवाच होता. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण उंट जी४ वर असताना. ५ व्या चालीलाच घोडा×ई५ केलं असतं तर ५... घोडा×ई५ ने तो घोडा जी४ च्या उंटाला जोर देतो आणि शिवाय तुमच्या सी४ च्या उंटावर नजर ठेवतो. तुमचा घोडा एका प्याद्यात गेला.

पण एच३ ला उत्तर म्हणून उंट एच५ ला गेला. ई५ वरून घोड्याची अडीच घरं मोजा: जी४ येतं, एच५ येत नाही. एका घराने उंट बिनजोर झाला. म्हणून आता ६. घोडा×ई५ घोडा×ई५ ७. वजीर×एच५, उंट परत मिळाला. तो म्हणेल, मग मी तुमचा उंट घेतो: ७... घोडा×सी४. आणि तुम्ही ८. वजीर बी५ शह! एका चालीत राजाला शह आणि सी४ च्या घोड्यावर हल्ला. तो शह अडवेल, तुम्ही घोडा घ्याल. हिशोब केलात तर तुमचं एक प्यादं वर.

६... डी×ई५ केलं तर ७. वजीर×एच५, तेव्हाही प्यादं वर, शिवाय एफ७ वर मातेची धमकी.

इंजिनाने तुम्हाला इथे लाल खूण दिली नाही, कारण डी३ ने डाव काही बिघडत नाही. हुकलेलं सोनं त्याला चूक वाटत नाही. खुणांच्या मागे लागलो की असे क्षण निसटतात.

काळापांढरा

मान्य. एच५ आणि जी४ मधला फरक मी कधी मोजलाच नव्हता. आता ९ वी चाल घ्या.

अडीचघर

९. घोडा डी५. इथे तुमच्या मनात काय होतं ते आधी सांगाल का? उत्तर दिलंत तर पुढचं नेमकं लिहिता येईल.

नवीखेळी

माझा जी५ चा उंट एफ६ च्या घोड्याला अडकवून ठेवतोय असं वाटलं. घोडा डी५ ला आला की त्या घोड्यावर दोघांचा मारा. आणि त्याने डी५ वर मारलं तर मी ई७ चा उंट मारीन, मग सी४ च्या उंटाने डी५ परत घेईन.

अडीचघर

मन लावून विचार केला होतात, हे दिसतंय. दोन गोष्टी निसटल्या.

पहिली: एफ६ चा घोडा अडकलेला नव्हता. ७... उंट ई७ केल्यावर घोड्यामागे वजीर थेट राहिला नाही, मध्ये उंट आला. घोडा कुठेही जायला मोकळा.

दुसरी आणि मोठी: अडकलेला घोडा तुमचा होता. एफ३ चा. त्याच्यामागे वजीर, समोर एच५ चा उंट. तुमच्या जी५ च्या उंटाला जोर फक्त याच घोड्याचा, आणि अडकलेल्या मोहऱ्याचा जोर खरा जोर नव्हे. ९... घोडा×डी५ १०. उंट×डी५ उंट×जी५ ११. घोडा×जी५ केलंत की ११... उंट×डी१, वजीर गेला. १०. ई×डी५ केलं असतं तर त्यातल्या त्यात बरं: १०... उंट×जी५ ११. डी×सी६ बी×सी६, एक प्यादं कमी, पण डाव चालू.

तुम्ही १०. उंट×ई७ खेळलात. इथे पटापट मारामारी सुरू झाली की माणूस मोजणं सोडतो. मोजा: त्याने तुमचा घोडा घेतला, तुम्ही उंट घेतलात. आता पाळी त्याची. १०... डी५ च्याच घोड्याने ई७ घेतलं असतं तर? डी५ वर मारायला तुमच्यासाठी काहीच उरलं नसतं. एक अख्खा मोहरा गेला होता.

नवीखेळी

म्हणजे तो पळणारा घोडाच परत मारणार! मी धरून चालले होते की घोडा डी५ वर बसून राहील.

अडीचघर

अगदी हेच. समोरचा मोहरा आहे तिथेच राहील असं आपण मनात धरतो. कॉम्प्युटरने वजिराने मारलं, म्हणून तुम्हाला कळलंही नाही की मोहरा जाता जाता वाचला. १० व्या चालीवर दोन्हीकडे लाल खुणा होत्या त्या याच.

९ व्या चालीला मी उंट ई३ ला घेतला असता. ९. जी४ करून एफ३ चा अडकलेला घोडा सोडवताही आला असता, पण राजासमोरची प्यादी पुढे सरकतात, ती किंमत आहेच.

मोकळीओळ

१०... वजीर×ई७ बद्दल एक सांगायला हवं, मी प्रोग्रॅमिंगच्या बाजूचा माणूस. खालच्या पातळीचं इंजिन नवशिक्या माणसासारखं चुकत नाही. स्टॉकफिश या इंजिनमध्ये ० ते २० अशा पातळ्या असतात. पातळी कमी केली की ते अनेक चाली शोधून ठेवतं आणि मुद्दाम, काहीसं यादृच्छिकपणे, त्यातली कमी प्रतीची चाल निवडतं. म्हणून ते चार चाली नेमक्या खेळतं आणि पाचव्या चालीला विनाकारण मोहरा सोडून देतं, जसा तुम्हाला पुढे उंट मिळाला.

नवशिका माणूस चुकतो तो न दिसल्यामुळे. त्याच्या चुकीला काहीतरी कारण असतं, हाव असते, भीती असते. त्यामुळे 'तो कधीतरी मोहरा सोडेलच' अशी सवय लागू देऊ नका. आठवड्यातून एखादा डाव तरी माणसाशी खेळा.

तिरकीचाल

माझ्या मते या धाग्यात अजून कोणी १६ व्या चालीबद्दल बोललेलं नाही आणि मला राहवत नाही. नवीखेळी, १५... हत्ती×बी२ नंतर तुम्ही उंट बी३ ला आणलात. ठरवून केलंत की उंट सुरक्षित जागी न्यायचा म्हणून?

नवीखेळी

खरं सांगते ताई, ठरवून केलं. बी२ वर हत्ती आला तेव्हा मी घाबरले. मग बघितलं की तो परत जायच्या वाटेवर बी३ आहे. तिथे उंट ठेवला तर ए२ आणि सी२ ची दोन्ही प्यादी त्याला जोर देतात. मग वजीर सी१ ला आणून हत्ती मारायचा.

तिरकीचाल

वा! मन भरून आलं. बघा काय केलंत ते. हत्तीला बी२ वरून घरं कोणती? ए२ घेतलं तर मारला जातो, सी२ घेतलं तर मारला जातो, बी१ वर गेला तर मारला जातो, बी३ वर प्यादं टपलेलं. खुल्या पटावर हत्ती पिंजऱ्यात. वजिराने बी२ ला जोर द्यावा म्हटलं तर वाटेत त्याचंच डी४ चं प्यादं. शेवटी उंटाच्या बदल्यात हत्ती द्यावा लागला. आणि बी३ वरच्या त्या उंटाने आणखी एक काम केलं: एफ७ चं प्यादं जी८ च्या राजासमोर अडकवून ठेवलं, त्याला एफ५ करताच आलं नसतं.

चार महिन्यांच्या खेळाडूने हे पटावर शोधलं, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा. १२. जी४ सुद्धा नेमकी होती. आधी उंटाला हटकलंत आणि मगच डी४ वर मारलंत. उलट क्रमाने केलं असतं तर वजीर गेला असता.

आता शेवटाकडे येते. मी मुलांना शिकवते, त्यामुळे ही स्थिती शेकडो वेळा बघितली आहे. १६ व्या चालीला तुम्ही त्याच्या हत्तीची घरं मोजलीत, म्हणून हत्ती मिळाला. ५२ व्या चालीला त्याच्या राजाची घरं मोजली नाहीत. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न होता.

राजा ए८ वर. त्याला जास्तीत जास्त तीन घरं: ए७, बी७, बी८. वजीर सी७ वर आला की तिन्ही बंद, पण ए८ वर शह नाही. वजीर बी६ वर आला असता तरी हेच. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर वजीर आणला की स्टेलमेट, हे पक्कं लक्षात ठेवा. गंमत अशी की राजाला कडेला ढकलत नेताना हेच अंतर ठेवायला शिकवतात, आणि ते बरोबरही आहे. राजा कोपऱ्यात शिरला की मात्र ते सोडायचं.

तुमच्या स्थितीत ५२. वजीर डी७! सातवी रांग सगळी बंद, पण बी८ मोकळं. तो ए८-बी८-ए८ करत बसेल, तुम्ही राजा आणा: ५२... राजा बी८ ५३. राजा डी५ राजा ए८ ५४. राजा सी६ राजा बी८ ५५. वजीर बी७ मात. वजिराला सी६ च्या राजाचा जोर, म्हणून त्याला मारता येत नाही. चार चाली लागल्या असत्या. एच प्याद्याला हातही लावायचा नाही. दुसरा वजीर करायला जातात आणि दोन वजिरांनी स्टेलमेट करून बसतात.

वजीर आणि राजा विरुद्ध एकटा राजा, पांढऱ्याची चाल असेल तर पटावरच्या कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त १० चालींत मात होते. हत्ती आणि राजा असेल तर १६. घाई करायचं कारणच नाही. नियम ५० चालींची सवड देतो.

नवीखेळी

ताई, धन्यवाद. एक मनातलं विचारते. राजाला जायला जागा नाही, मी सगळं जिंकलेलं, मग बरोबरी का? मला हा नियम अजून अन्याय वाटतो.

अडीचघर

हा प्रश्न जुना आहे, आणि नियम नेहमी असाच नव्हता. इंग्लंडमध्ये १७ व्या आणि १८ व्या शतकात तर स्टेलमेट करणाराच हरला असं धरत. १९ व्या शतकात बरोबरीचा नियम सगळीकडे रुळला.

मला तो आवडतो. शह नाही म्हणजे राजा धरलेला नाही, आणि न धरलेला राजा हरला कसा म्हणायचा? शिवाय हा नियम नसता तर एका प्याद्याने वर असलेला प्रत्येक जण डोळे मिटून जिंकला असता. हरणाऱ्याला शेवटपर्यंत लढायचं कारण उरतं ते यामुळे. तुमच्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती, तो भाग वेगळा.

काळापांढरा

मी सुरुवातीला 'इंजिनाला द्या' म्हणालो, ते शब्द मागे घेतो. माझाही एक डाव असाच पडून आहे. तपासायची पद्धत काय ठेवावी?

अडीचघर

इंजिन वापरायचंच, पण शेवटी. आधी डाव पटावर हाताने मांडायचा, स्क्रीनवर नाही. प्रत्येक चालीला मनात काय होतं ते बाजूला लिहायचं, जसं नवीखेळींनी ९ व्या चालीबद्दल लिहिलं. 'घोडा डी५ वर बसून राहील' हे वाक्य कुठलंही इंजिन तुम्हाला दाखवणार नाही, ते तुमच्याच डोक्यातून काढावं लागतं. जिथे अडखळलात तिथे खूण करा, त्याच्या मोहऱ्याला कुठली घरं आहेत आणि कशाला जोर आहे एवढं बघा. मग इंजिन लावा आणि तुमच्या खुणा त्याच्या खुणांशी ताडून बघा. जिथे त्याची खूण आहे आणि तुमची नाही, ती जागा शिकायची.

मोकळीओळ

आणि एक डाव पुरे. दिवसाला दहा डाव तपासले तर एकही लक्षात राहत नाही.

नवीखेळी

दोन दिवसांनी लिहितेय. वजीर डी७ वाली स्थिती मांडून वीस वेळा खेळले, दर वेळी राजा वेगळ्या कोपऱ्यात. पहिल्या सहा वेळांत दोनदा पुन्हा स्टेलमेट झालं. नंतर वजीर उचलण्याआधी त्याच्या राजाची घरं बोटाने दाखवून मोजायला लागले आणि मग एकदाही नाही.

मग ५... उंट एच५ पर्यंतचा डाव मांडून कॉम्प्युटरशी तिथून खेळले, ६. घोडा×ई५ करून. त्याने वजीर घेतला नाही, ६... घोडा×ई५ केलं. ७. वजीर×एच५. आता घोडा×सी४ येईल म्हणून मी वजीर बी५ शह तयार ठेवला होता. पण तो ७... घोडा एफ६ खेळला! वजिरावर हल्ला, आणि सी४ चा उंट ई५ च्या घोड्याच्या तोंडात तसाच. अडीचघर यांनी ही चाल सांगितली नव्हती. इंजिन बंद होतं आणि बंदच ठेवलं. दहा-बारा मिनिटं पटाकडे बघत बसले. वजीर डी१ ला नेला तर उंट जातो. एच४ ला नेला तरी जातो. मग दिसलं: ८. वजीर ई२. जी४, एफ३, ई२ ही तिरकी वाट घोडा निघून गेल्यामुळे मोकळी झालीय, आणि डी३ खेळलेलं नसल्यामुळे ई२ वरून सी४ च्या उंटाला जोर मिळतो. त्याने उंट घेतला, मी वजिराने घोडा घेतला. एक प्यादं वर.

बरोबर आहे ना?

अडीचघर

बरोबर आहे. मी ती चाल लिहायला विसरलो होतो.